मोठ्ठा ‘आ’

“मुलीशी बोलताना तोंड इतकं ताणू नका,” बोलबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. “एरवी बोलता तसंच बोला. तिला ऐकायची सवय लावायची आहे, तुमच्या तोंडात बघायची नाही.”

मुंगीच्या आईनं मान डोलावली, बाईंचे आभार मानले, मुलीला कडेवर घेतलं आणि जिना उतरता उतरता तो सल्ला जिन्यातच सोडून दिला. विसरली असं नाही. तिला तो पटलाच नव्हता.

बोलबाई म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या हुद्द्याचं नाव एवढं लांबलचक होतं की घरी सगळ्यांनी मिळून त्याचं ‘बोलबाई’ करून टाकलं. आणि मुंगी म्हणजे त्यांच्याकडे जाणारी, नुकती दोन वर्षांची झालेली, कधी एका जागी न बसणारी मुलगी. तिला जन्मापासून कमी ऐकू येत होतं. हे कळायलाच वर्ष गेलं, आणि कळल्यावर दोन्ही कानांना मशीन लागली. त्या वर्षानं तिच्या आईच्या जिवाला जो घोर लावला तो काही उतरला नाही. आपण इतक्या शिकल्यासवरल्या, डोळ्यांत तेल घालून पोरीला सांभाळणाऱ्या, आणि दार आपटलं तरी ती दचकत नाही हे आपल्या लक्षात येऊ नये? तेव्हापासून ती सगळ्याच गोष्टी दोनदा बघायची. मशीनची बॅटरी दोनदा, गॅसचं बटण दोनदा, झोपलेल्या पोरीची छाती वरखाली होतेय का हेही दोनदा.

सल्ला न पटण्याचं कारण मात्र साधं होतं. मशीन लागून बरेच दिवस झाले तरी मुंगी चकार शब्द काढत नव्हती. बोलबाईंकडे जायला लागण्याआधी एकदा दुपारी आईनं तिला मांडीवर घेतलं, तिच्या नाकासमोर तोंड नेलं आणि जबडा जाईल तितका खाली नेऊन म्हटलं, “आ... ई.” मुंगीनं डोळे विस्फारून त्या गुहेत पाहिलं. मग स्वतःचं इवलंसं तोंड उघडलं आणि म्हणाली, “आ.”

झालं. त्या एका ‘आ’नं सगळा निकाल लावला. आता बोलबाईंनी पुस्तकं उघडून दाखवली असती तरी फरक पडला नसता. मुंगीची आई त्या दिवसापासून मोठ्या तोंडानं बोलायला लागली. पाणी म्हणायचं तर दोन्ही गालांवर सुरकुत्या पडेपर्यंत. बाहेर म्हणायचं तर हनुवटी गळ्याला टेकेपर्यंत. सकाळी उठल्यापासून ते ऑफिसला निघेपर्यंत, आणि संध्याकाळी आल्यापासून पोर झोपेपर्यंत. मुंगीही समोर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि सांगितलेली वस्तू बरोबर आणून द्यायची, ‘पाणी’सारखा एखादा शब्द म्हणायचीही. नवरा गमतीनं म्हणायचा की तुमच्या दोघींचं बोलणं बघताना मला प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्याची आठवण होते. सासूबाई त्याच्याही पुढे.

“अगं, तू ‘बाळ’ म्हणालीस तेव्हा मला तुझी अक्कलदाढ दिसली,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आहे म्हणायची तुला.”

ती हसली. कोणी काही म्हणो, पोरगी समजत होती ना.

ऑफिसातही तिचं काम तोंडाचंच. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली जी बारीक अक्षरांची पत्रकं असतात, ती छापणाऱ्या छापखान्यात ती प्रुफं तपासायची. तिथली पद्धत अशी की एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील कागदावर बोट ठेवून तपासायचं. नुसते शब्द नव्हे, विरामचिन्हंसुद्धा वाचायची, कारण औषधाच्या मात्रेतलं एक टिंब इकडचं तिकडे झालं तर माणूस दगावायचा. तिच्या समोर बसणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते. आयुष्यभर ‘डोकेदुखी स्वल्पविराम मळमळ स्वल्पविराम अंगावर पुरळ पूर्णविराम’ असं ऐकून आणि वाचून त्यांचं नावच स्वल्पविराम पडलं होतं. घरी भाजी आणायला सांगितली तरी ते तसंच ऐकतात, असं सगळे म्हणत.

डोकं दुखायला लागलं ते नेमकं कधी, हे तिला पुढे कोणालाच सांगता आलं नाही. आधी संध्याकाळी उजवं कानशील ठणकायचं. मग सकाळी उठतानाच ते ठणकत असायचं, जणू रात्रभर कोणी तिथं अंगठा दाबून बसलं होतं. कानात कळ यायची. भाकरी असो की सफरचंद, ती डाव्याच बाजूनं चावायला लागली आणि आपण असं करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा केला. झोप कमी पडते म्हणून दुपारी डोकं टेकून पाहिलं. मग पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट आलं, आणि त्या गोळ्यांचं पत्रक तिनं स्वतःच तपासलेलं असल्यामुळे तिला वाटायचं, आपल्याला सगळं माहीत आहे.

मुंगीला साधी शिंक आली तरी तिला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढणारी ही बाई, स्वतःच्या डोक्याचा विषय निघाला की म्हणायची, “काही नाही गं, जरा जड झालंय.” आणि घरातले म्हणायचे, दमली असेल. खोटं नव्हतं तेही.

शेवटी सुगावा लागला तो स्वल्पविरामांना. एका सकाळी ती वाचत होती, ते तपासत होते. वाचता वाचता त्यांनी हात वर केला.

“बाई, तुम्ही मध्येच टिंब देताय. इथं टिंब नाही.”

“मी कुठं दिलं?”

“दिलंत. मोठा शब्द आला की एक टक्क असा आवाज येतो. मघापासून ऐकतोय. पहिल्यांदा वाटलं पेन आपटताय.” ते टेबलावरून पुढे झुकले. “तुमच्या कानापाशी होतोय तो.”

तिनं कानापुढे बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. बोटाखाली काहीतरी निसटलं आणि परत जागेवर बसलं. टक्क. बंद करताना पुन्हा टक्क. हा आवाज तिला महिनोन्महिने येत होता. तो आपल्या डोक्याच्या आत आहे, बाहेर कोणाला ऐकू जात नाही, असंच ती धरून चालली होती. कानापाशी हा शब्द ऐकून तिनं हातातला मजकूर खाली ठेवला. मुलीचा कान गेला, आता आपलाही चालला की काय? आणि हे आपल्याकडूनच तिच्यात गेलं की काय?

त्याच संध्याकाळी ती मुंगीच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेली. वयस्कर, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी कानात बॅटरी मारली, आवाजाची तपासणी केली, मग दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तिला तोंडाची उघडझाप करायला लावली.

“कान ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “भांडण शेजारच्या घरात आहे, आवाज इथं येतोय. जबड्याचा सांधा दाखवून घ्या.”

जबड्याचं म्हणून वेगळं कोणी डॉक्टर असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. दातांच्या मोठ्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली होती, तिथं एक डॉक्टरीणबाई नुसतं हेच बघायच्या. त्या दिवशी सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून मुंगीलाही बरोबर न्यावं लागलं. डॉक्टरबाईंनी पट्टी लावून तोंड किती उघडतं ते मोजलं, उघडताना हनुवटी उजवीकडे कशी सरकते ते आरशात दाखवलं. मग तिच्या कानशिलावर बोटांनी दाबलं आणि तिच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. हीच ती डोकेदुखी. बाहेरून बोट लावून कोणीतरी ती जशीच्या तशी सुरू करून दाखवली होती.

“हे डोकं नाही दुखत तुमचं, हा चावण्याचा स्नायू आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “थकून गेलाय बिचारा. रात्री दात खाता का? सुपारी वगैरे? सतत च्युइंगगम?”

यातलं काहीच नव्हतं. दात आवळून धरायची सवय असेल, ती म्हणाली, काळजीत असले की. म्हणजे कधी, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि दिवसभर असं प्रामाणिक उत्तर मिळालं. तेवढ्यात कोपऱ्यात मुंगीनं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आई खुर्चीतूनच वळली, मुलीचं लक्ष वेधून घेतलं आणि नेहमीसारखं म्हणाली, “नाही. इकडे ये.”

डॉक्टरबाई पट्टी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“हे परत करून दाखवा,” त्या म्हणाल्या.

तिनं केलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि तिनं सगळं सांगितलं: मशीन, तो पहिला ‘आ’, सकाळ-संध्याकाळचा शिरस्ता. सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या अटी सांगितल्या. खाणं मऊ. गरम कापडानं शेक. रात्री दातांवर घालायचं एक पारदर्शक कवच त्या करून देणार होत्या. जिभेचं टोक टाळूला लावून, ते न सोडता जेवढं तोंड उघडेल तेवढंच उघडायचं. ओठ मिटलेले, दात मात्र सुटे. दाताला दात लागायचा तो फक्त घास चावताना. आणि असं तोंड फाडून बोलणं पूर्ण बंद.

“मग माझी मुलगी मुकी राहील,” ती म्हणाली.

“मुलीचं मला कळत नाही, ते तिच्या बाईंना विचारा. पण हा सांधा अडकला ना, तर तुमचं तोंड मोठंही उघडणार नाही आणि छोटंही. मग काय कराल?”

ती घरी आली आणि तिनं जे केलं ते मुंगीच्या आईशिवाय दुसऱ्या कोणी केलं नसतं. शेक घेतला, मऊ खाल्लं, रात्री कवच घातलं, ऑफिसात वाचायचं काम स्वल्पविरामांवर टाकून स्वतः बोट ठेवायचं काम घेतलं. सगळं चोख. फक्त मुलीशी बोलणं तेवढं सोडलं नाही. जवळपास कोणी नसलं की खोलीचं दार लावून घ्यायची आणि थोडंसंच, असं मनाशी म्हणत मोठ्या तोंडाचे शब्द म्हणायची. औषधही घ्यायचं आणि दुखणंही जपायचं, असा तो कारभार.

तो फार दिवस चालला नाही. एका रविवारी मुंगीला आंघोळ घालताना ती म्हणाली, “डो... ळे मीट.” टक्क असा आवाज झाला, तोंड मिटलं आणि पुन्हा उघडेना. तिनं जोर केला. कानापाशी सुरी फिरावी तशी कळ आली. दातांच्या फटीत जेमतेम एक बोट मावत होतं. ती न्हाणीघरातच पाटावर बसली. अंगाला साबण लागलेली मुंगी तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती, डोळे मिटायचे की नाही हे अजून कळलेलं नव्हतं. मग मुंगीनं दोन्ही ओले अंगठे आईच्या खालच्या ओठावर ठेवले आणि डब्याचं झाकण काढावं तशी तिची हनुवटी खाली ओढू लागली.

नवऱ्याला हे दृश्य दारातून दिसलं. त्यानं मुलीला टॉवेलमध्ये गुंडाळून आपल्या आईकडे दिलं, बायकोला उभं केलं आणि गाडीची किल्ली घेतली. वाटेत त्यानं विचारलं की दार लावून तू बोलत होतीस ना. तिनं दातांतल्या दातांत हो म्हटलं. “मला येत होता आवाज,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला त्यानं बरं वाटतंय तर कशाला बोला.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, याचंच तिला रडू आलं. त्यांनी स्नायूत सुई दिली, दाढांवर अंगठे ठेवून जबडा हळूहळू खाली आणि पुढे नेला. थोडा सैल झाला, पुरता नाही. बाकीचं काम वेळानं आणि व्यायामानं होणार होतं. आता तिची इच्छा असो नसो, मोठं तोंड उघडायचा प्रश्नच उरला नव्हता.

पुढचे दिवस वाईट गेले. आई ओठांतल्या ओठांत पुटपुटणार आणि मुंगी तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघणार. दोनतीनदा तिनं हनुवटी ओढून पाहिली, मग नाद सोडून दिला. ती आईकडे पाठ करून खेळायला लागली. ती पाठ बघून मुंगीच्या आईचे दात आपोआप आवळायचे आणि मग आठवण यायची: दात सुटे, दात सुटे. डोकं तसंच ठणकत होतं. तिला वाटायचं, महत्प्रयासानं उघडलेलं पोरीचं एकुलतं एक दार आपण आपल्याच हातानं बंद केलं.

पुढच्या तपासणीला मुंगी पुन्हा बरोबर होती. डॉक्टरबाई पाठमोऱ्या बसून हातमोजे चढवत होत्या, तोंडावर मास्क होता. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, “आणि तो आरसा द्या बरं कोणीतरी.”

मुंगी स्टुलावरून उतरली, बाकावरचा छोटा आरसा उचलला आणि त्यांच्या गुडघ्यावर नेऊन ठेवला.

डॉक्टरबाईंनी तो घेतला, थँक्यू म्हणाल्या, आणि मगच त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी मुंगीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते.

“तिनं माझं तोंड पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या.

मुंगीची आई सहजी आनंदी होणाऱ्यातली नव्हती. घरी येईपर्यंत तिनं स्वतःला चार कारणं सांगून टाकली. आरसा दर वेळी मागतात, पोरीनं ते पाहिलंय. योगायोग असेल. पण त्या संध्याकाळपासून ती पहारा ठेवून बसली. मुंगी ठोकळे रचत असताना मागून, साध्या आवाजात, जबडा न ताणता म्हणायची, “मुंगी, मोजा कुठंय?” पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा ठोकळा हवेत धरलेला हात थबकला. मुंगीनं मान तिरकी केली, जणू लांबून कोणी दार वाजवत होतं. वळली नाही, पण ऐकलं होतं. आईनं दाराची चौकट धरून ठेवली.

तिनं बोलबाईंना सगळं सांगितलं, दाराआडच्या चोरीसकट. बोलबाईंनी तिला दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, मोठं तोंड समोर असताना तिला कान वापरायची गरजच काय होती? आता ते नाही, म्हणून ती कानांकडे वळलीय. वेळ लागेल. काही शब्द विसरेल, काही नवे येतील. तसंच झालं. ‘पाणी’ गेलं, महिनाभर आलंच नाही. मात्र सासूबाई ज्या कधीच तोंड ताणून बोलल्या नव्हत्या, त्यांचा ‘अगंबाई’ मुंगीनं जसाच्या तसा उचलला, सुरासकट. सासूबाईंनी तो शेजारणींना बोलावून बोलावून ऐकवला.

जबडाही हळूहळू माणसात आला. एका बोटाची फट दोन बोटांची झाली, मग अडीच. टक्क असा आवाज परतला तेव्हा ती घाबरली, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, सांधा अडकण्यापेक्षा वाजलेला बरा, त्याला वाजू द्या. डोकेदुखी पूर्ण गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. पावसाळी हवेत किंवा मुंगीला ताप आला की कानशील अजून आठवण करून देतं. पण सकाळी उठताना आता तिथं कोणाचा अंगठा नसतो, आणि दात आवळले गेले तर तिचं तिलाच कळतं. ती जीभ टाळूला लावते आणि खांदे खाली सोडते.

परवा मुंगीला कानांच्या वर्षाच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात नेलं होतं. बाहेर बाकावर एक तरुण बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती. बाळाच्या कानांत नवीकोरी मशीन. ती त्याच्या नाकासमोर तोंड नेऊन, जबडा जाईल तितका खाली नेऊन काहीतरी म्हणत होती. मध्येच थांबली, उजव्या कानापुढे तळहात दाबून धरला, पर्समधून गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली. मुंगीची आई उठून तिच्याकडे जाणार, तेवढ्यात आतून मुंगीचा पुकारा झाला. बाहेर येऊन बघते तर बाक रिकामा. नोंदणीच्या खिडकीपाशी विचारलं. पेशंटची माहिती देता येत नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं, आणि त्याचंही बरोबरच होतं.

ती बाई तिच्या डोक्यातून जात नाही. त्या बाळाची चौकशी दहा जण करत असतील. किती ऐकतो, काही बोलतो का, मशीन काढून तर फेकत नाही ना. तिला कोणी विचारत नसेल. तेव्हा मुंगीच्या आईचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ही बाई कदाचित तुमच्या इमारतीत राहत असेल, तुमची भाची असेल, तुमच्या शेजारच्या टेबलावर बसत असेल. आज तिच्याकडे जा. बाळाला नंतर घ्या. आधी तिच्याशेजारी बसा आणि विचारा, तुझं डोकं कधीपासून दुखतंय? ती ‘काही नाही’ म्हणेल. तेवढ्यावर उठू नका.